खोका

"शालन, तुला ती बंगाली अजून बोलाय येती का गं?"

भर दुपारी यशोदाआक्का दारात उभ्या होत्या. माझ्या चुलत जाऊबाई. आमच्या दोन घरांच्या मध्ये एक बोळ आणि एक गोठा, पण आक्का अशा उन्हाच्या कधी आल्या नव्हत्या. मी सुपातले जोंधळे बाजूला सारले आणि त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

"येत असंल की. का हो?"

"मग चल आमच्याकडं. दिनकरची बायको काय म्हणतीया ते बघ जरा. आल्यापासनं अन्नाला शिवली न्हाई. तोंडात गुळणी धरल्यागत बसून हाय. बोललीच तर एकच शब्द. खोका."

"खोका?"

"उठता-बसता खोका, झोपेतबी खोका. मला वाटलं, कपडे ठेवाय मागत असंल. म्हणून माळ्यावरचा द्राक्षाचा रिकामा खोका झाडून तिच्यापुढं ठेवला. तर त्यात बघून जी रडाय लागली बाई, अजून थांबली न्हाई."

मला हसू आलं आणि तसंच विरलं. बंगालीत खोका म्हणजे लहान मुलगा. आपण लाडानं बाळ्या म्हणतो तसं. माझ्या धाकट्या भावाला, मारुतीला, सगळी गल्ली खोका म्हणायची. "धाकट्या भावाची आठवण काढत असंल," मी आक्कांना म्हणाले. "पोरच हाय ती."

माझ्या बंगालीचं कारण माझे वडील. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगली आहेत. जुनं सोनं आटवायचं, शुद्ध करून सराफाला द्यायचं. वडिलांची भट्टी बंगालात काटोयाला होती, गंगेच्या काठी. मी चालायला तिथं शिकले, शाळेत तिथंच गेले. मी बारा वर्षांची असताना गावाकडे आजी अंथरुणाला खिळली, म्हणून आई आम्हा दोघांना घेऊन परतली, आणि पुढं माझं लग्नही इथंच झालं. मारुती मोठा झाल्यावर काटोयाला जाऊन भट्टीवर बसला. मी मात्र पुन्हा बंगाल पाहिला नाही. ती भाषा माझ्या पोटात कुठं तरी तशीच पडून होती.

दिनकर आक्कांचा एकुलता एक. बाग उत्तम, विहिरीला पाणी, माणूस निर्व्यसनी. तरी पस्तिशी उलटली आणि मुलगी मिळेना. शेवटी कुणा मध्यस्थानं बंगालातून ही मुलगी आणली. बरोबर तिचा मामा म्हणून एक माणूस होता. देवळात माळा पडल्या, मुलीचं नाव गौरी ठेवलं आणि मामा त्याच संध्याकाळी निघून गेला.

आक्कांच्या माजघरात ती भिंतीला टेकून बसली होती. विशी-बाविशीची असेल. नवी हिरवी साडी, हात छातीशी घट्ट आवळलेले. मी समोर बसले.

"तोमार नाम की, मा?" काटोयात मोठ्या बायका मुलींना मा म्हणत. ते आपोआप तोंडात आलं.

तिनं मान वर केली. एखाद्या बंद घराची कुणी कडी वाजवावी आणि आतल्यानं बघावं तशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझं मनगट धरलं. तिचा हात तापानं भाजत होता.

"झुमा," ती म्हणाली. "माझं नाव झुमा. मासी, इथून कलकत्ता किती लांब आहे?"

ती बंगालीत भराभर बोलू लागली. मला त्यातलं निम्मंच समजत होतं. सुंदरबनाकडचं गाव, नदी ओलांडून जायचं. मामा म्हणाला होता, एका घरी कामाला ठेवतो. पुढचं मला लागेना. "हळू बोल," मी म्हणाले.

"काय म्हणतीया?" मागून आक्कांनी विचारलं.

झुमानं आक्कांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. मी तिला खायचं विचारलं, दुखतं का विचारलं. तिनं हात अजून घट्ट आवळून घेतले.

उठताना मी आक्कांना म्हणाले, "उद्या हिला माझ्याकडं पाठवा. हिच्या तिकडचं काही तरी करते. आपली भाकरी घशाखाली उतरत नसंल बिचारीच्या."

काय करायचं ते मी बोळातून येतानाच ठरवलं होतं. पाटिशाप्टा. पौषातली थंडी होती, आणि थंडी म्हणजे काटोयाला घरोघरी पिठे. तांदळाच्या पिठाची गोड पक्वान्नं ती, नाना तऱ्हेची. त्यातलं पाटिशाप्टा मला सगळ्यात आवडायचं. पातळ धिरडं घालायचं, त्यावर नारळ-गुळाचं सारण ठेवायचं आणि सुरळी करायची. शेजारच्या मासीमा, म्हणजे मावशी, करायच्या. मी त्यांच्या चुलीपाशी फतकल मारून बसायची. आईला बंगाली कधी आलीच नाही. ती उंबऱ्यात उभी राहायची आणि मला म्हणायची, "विचार त्यांना, पीठ किती वेळ भिजवायचं." मी विचारायची. मासीमा तव्यावरची नजर न काढता म्हणायच्या, "सांग तुझ्या आईला, धीर असेल तितका वेळ." मी ते मराठीत सांगितलं की आई हसायची, आणि आई हसली की मासीमाही हसायच्या. दोघींची सगळी मैत्री माझ्या तोंडातून चाले.

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या पिठात थोडा मैदा, थोडा रवा घालून म्हशीच्या दुधात भिजवलं. नारळ खोवला. शिंदीच्या रसाचा तो नवा गूळ इथं कुठला मिळायला, आपलाच गूळ घातला आणि सारण परतायला घेतलं. तेवढ्यात आक्का झुमाला सोडून गेल्या. माझी लेक सुरेखा बाळंतपणाला आलेली होती. तिचं बाळ पुढच्या खोलीत पाळण्यात झोपलं होतं आणि ती मागे न्हाणीघरात होती.

झुमा स्वयंपाकघराच्या दाराशी बसली. तवा ठेवला, डावभर पीठ ओतलं. पहिलं धिरडं फाटलं. दुसरं तव्याला असं चिकटलं की उलथन्यानं खरवडावं लागलं. तिसऱ्याचा गोळा झाला.

"मासी," मागून आवाज आला. "पातळ करा."

मी दूध घातलं.

"अजून."

मग ती उठलीच. माझ्या हातातून डाव घेतला. टोपलीतलं एक वांगं उचललं, देठाकडचा तुकडा कापला, तो तेलात बुडवून तव्यावर फिरवला. मासीमा अगदी असंच करायच्या. मी हे साफ विसरले होते! तिनं पीठ ओतलं, वाटीच्या बुडानं गोल पसरलं, कडा सुटायची वाट पाहिली, सारणाची ओळ ठेवली आणि उलथन्यानं दोन वेढ्यांत सुरळी करून ताटात टाकली.

"तुझ्याकडे कोण करायचं?" मी विचारलं.

"आई. आम्ही पाच भावंडं चुलीभोवती. पहिलं कुणाचं, यावर मारामारी. मग आई पहिलं चुलीतच टाकायची, कुणालाच नाही." ती दुसरं घालत होती. "घरामागे खजुरीचं झाड होतं. त्याला रसाचं मडकं लावलेलं असायचं. पहाटे मी पपईच्या पानाचा देठ घेऊन वर चढायची, तो पोकळ असतो ना, आणि तोंड लावून रस ओढायची. एकदा बाबांनी खालून पाय धरला. मी वरून रस त्यांच्याच डोक्यावर ओतला."

ती हसली. गेल्या चार-पाच दिवसांत तिचा हसण्याचा आवाज या वाडीत कुणी ऐकला नसेल. मी गरम सुरळी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती खाल्ली. दुसरीही खाल्ली. बोटं चाटली आणि म्हणाली, "गूळ वेगळा आहे. पण लागतं."

मला फार बरं वाटलं. वाटलं, झालं, गाठ सुटली. आता ही रुळेल.

तेवढ्यात पुढच्या खोलीत बाळ रडायला लागलं. सुरेखा न्हाणीत होती, म्हणून मीच जाऊन त्याला उचलून आणलं. भुकेजलं होतं, तोंड लालबुंद करून टाहो फोडत होतं. झुमा तव्यापाशी उभी होती. तिच्या हातातला डाव तसाच राहिला. मी पाहिलं, तिच्या चोळीवर दोन ओले डाग उमटले होते आणि ते पसरत होते. तिनं पदर ओढला. पदरही भिजला. ती मागे मागे सरकत भिंतीला लागली आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.

मी बाळाला न्हाणीच्या दारातून सुरेखाकडे दिलं. परत आले तेव्हा तव्यावरचं धिरडं करपून काळं झालं होतं आणि झुमा खाली बसली होती.

"खोका तुझा आहे," मी म्हणाले.

तिनं होकाराची मान हलवली.

मग तिनं सांगितलं. नवरा केरळात कामाला गेला तो परतलाच नाही. ती आईकडे आली, तर बाबा गेलेले, भावंडं पांगलेली आणि घर मामाच्या हातात. मामा म्हणाला, मुंबईला एका घरी काम आहे, बाळाला महिनाभर आजीकडे ठेव, मग मीच आणून सोडतो. बाळ अंगावर पीत होतं. निघताना ते झोपेत होतं, म्हणून तिनं उठवलं नाही. देवळात गळ्यात माळ पडली तेव्हा तिला कळलं, काम कसलं आहे. आणि मामानं दरडावलं होतं, पोराचं नाव काढलंस तर हे लोक तुला घरातून हाकलतील, मग बस रस्त्यावर.

"मासी, दूध दगड झालंय," ती म्हणाली. "हात लावता येत नाही."

मी गरम पाण्याचा कपडा आणला.

त्याच संध्याकाळी मी बागेत गेले. दिनकर वेलीखाली उभा राहून घड विरळत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्याच्या हातातली कात्री थांबली.

"काकी, मला ह्यातलं काही सांगितलं न्हाई कुणी."

"तुझ्यावर कुठं बोल ठेवतीया मी?"

"केवढं हाय?"

"आठ-नऊ महिन्यांचं असंल."

"म्हणजे रांगत असंल," तो म्हणाला. आणि मग, "आणू या त्याला."

पण घरात ते इतकं सोपं नव्हतं. आक्कांनी कपाळ बडवून घेतलं. लेकुरवाळी गळ्यात मारली, पोराचं वाटोळं झालं, भावकीत तोंड कसं दाखवू. ते सगळं होऊन गेल्यावर त्या म्हणाल्या, "आणायचंच असंल तर दिनकर जाईल. ती न्हाई जायची. एकदा गेली की परत येत न्हाई ती."

"आक्का, आईशिवाय पोर कोण हवाली करंल?" मी म्हणाले. "तिला जाऊ द्या. मी संग जाते."

"शालन," आमचे हे मध्येच म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात किती शिरायचं त्याला काही माप असतंय."

झुमानं तोवर कपड्यांचं बोचकं बांधलं होतं. आक्का उंबऱ्यात बसल्या त्या उठेनात. जायचं नाही, हे तिला बंगालीत सांगायला अख्ख्या घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी सांगितलं. तिनं बोचकं उशाला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मारुतीला भट्टीवर फोन केला. तो म्हणाला, पाठव दिनकरला, मी बरोबर जातो. दिनकर आयुष्यात सोलापूरच्या पलीकडे गेलेला नव्हता. पिशवीत चार कपडे आणि दुधाची बाटली घेऊन तो गेला.

मग आम्ही वाट बघू लागलो. झुमा रोज माझ्याकडे यायची. मागच्या खोलीत बसून वाटीत दूध पिळायची. दुखण्यानं ओठ चावायची, डोळ्यांतून पाणी यायचं, पण सोडायची नाही. मग वाटी परसातल्या पेरूच्या बुंध्याशी ओतून यायची. "बंद होऊन चालणार नाही, मासी. खोका आला की काय पिणार?" तिचा ताप उतरला. ती जेवू लागली, पोटापेक्षा त्या वाटीसाठीच. मला मराठी शब्द विचारायची. दूध. झोप. ये इकडं. न्हाई. बाळ. आक्काही बदलल्या. त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत, पण एका दुपारी मी गेले तर जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याची कुंची शिवत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ती मांडीखाली सारली.

दिनकर परतला तो एस.टी.तून उतरून थेट माझ्या दारात आला. स्वतःच्या घरावरून, खालमानेनं, पुढं निघून आला. हातात तीच पिशवी. तो ओट्यावर बसला.

"काकी, तिच्या आईनं पाय धरलं माझं. म्हातारी रडत होती नुसती. बाळ न्हाई म्हणाली. दिलं कुणाला तरी."

"कुणाला?"

"ते मामाला ठावं. आणि मामा गावात न्हाई. शेजारपाजारचं कुणी तोंड उघडंना. पोलिसात गेलो. मारुतीमामांनी सगळं समजावून सांगितलं. साहेब मला म्हणाला, तू पोराचा कोण?" दिनकरनं माझ्याकडे पाहिलं. "काय सांगायचं होतं, काकी? मी कोण त्याचा?"

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"तिला तुम्हीच सांगा. मला तिची भाषा न्हाई. न्हाईतर खरं नका सांगू. आजीपाशी हाय म्हणा. थोरलं झाल्यावर आणू म्हणा. काकी, काय पण सांगा, पण मला सांगाय लावू नका."

तोवर कुणी तरी तिला कळवलं होतं, दिनकर आला म्हणून. ती बोळातून अनवाणी धावत आली. आधी तिनं त्याचे हात पाहिले. मग त्याची पिशवी. मग त्याच्या पाठीमागचा रस्ता. आणि मग माझ्याकडे वळली.

"मासी?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं माझ्या तोंडावर अशी नजर लावली होती की खोट्याला उभं राहायला जागा नव्हती. आणि खरं सांगावं तर कशानं सांगू? माझी बंगाली ही एका लहान मुलीची बंगाली. पतंग, घाट, गूळ, पिठे, मासीमांचं रागावणं, झोपवायची गाणी. इतकंच मला येत होतं. मोठी माणसं एकमेकींना असलं काही सांगतात तेव्हा कुठले शब्द वापरतात, कुठून सुरुवात करतात, मध्ये कुठं थांबतात, ते ऐकायच्या आधीच मी तो देश सोडला होता. मी तोंड उघडलं आणि पोरीच्या शब्दांत म्हणाले,

"खोका घरी नाही. दुसऱ्यांच्या घरी गेला."

"कार काछे?" कुणाकडे?

"जानि ना." माहीत नाही.

"कधी येणार?"

"जानि ना, मा."

"दूध कोण देतं त्याला?"

सांत्वनाचा एकही शब्द मला त्या भाषेत येत नव्हता. मराठीत पुष्कळ येत होते. ते तिला कळले नसते.

झुमा रडली नाही. ती दिनकरसमोर जाऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती त्याच्याशी कधी बोललेली नव्हती. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि मराठीत विचारलं,

"बाळ न्हाई?"

"न्हाई," दिनकर म्हणाला आणि तोंड फिरवून ढसाढसा रडायला लागला. नवराबायकोतलं ते पहिलं बोलणं.

उन्हाळ्यात आक्कांनी आपण होऊन तिला पाठवलं. दिनकर, झुमा आणि मी, तिघं गेलो. मारुती होताच. नदी ओलांडून, बांधावरून चालत त्या घरापाशी पोचलो तर दाराला कुलूप. म्हातारी कुठं गेली, कुणी सांगेना. झुमा दारोदार फिरली. तिला ओळखणारी माणसं तिला पाणी द्यायची आणि दुसरीकडे बघायची. पोलिसांनी या वेळी लिहून घेतलं. पुढच्या वर्षी दिनकर तिला घेऊन पुन्हा गेला. त्यानंतरही एकदा. मारुतीनं आपल्या परीनं शोध चालू ठेवला. कुठंच काही लागलं नाही.

झुमा इथंच राहिली. तिला एक मुलगी झाली, मग एक मुलगा. आक्का गेल्या तेव्हा त्यांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. बाग आता तीच बघते, मजुरांवर ओरडते ती अस्सल आमच्याकडच्या बोलीत. नव्या माणसाला सांगून पटत नाही की ही बाई बाहेरून आली.

माझ्याशी ती चांगली आहे. सणावाराला येते, आजारी पडले तर पेज आणून देते. पण त्या दिवशी माझ्या ओट्यावर जे बोलणं झालं, त्यानंतर वाडीत तिच्या तोंडून बंगालीचा एक शब्द मी ऐकला नाही. बरीच वर्षं मीही छेडलं नाही. मग एकदा थंडीत आम्ही दोघीच परसात उन्हाला बसलो होतो, ती शेंगा फोडत होती, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी तिला बंगालीत म्हणाले, "झुमा, बरी आहेस ना गं?"

तिचे हात थांबले नाहीत. तिनं मूठभर शेंगदाणे माझ्या पदरात टाकले.

"मराठीत बोला, काकी," ती म्हणाली.

मी मराठीत बोलले.